कमळतळ्यात बुडालेली माणसं

दाक्षायणीबाई हिरेमठ यांना आयुष्यात एकदा तळ्याकाठच्या गावाला जायचं होतं. नुसतं तळं नव्हे. तळ्याला लागून जुनं गाव, गावाला लागून द्राक्षाचे मळे, आणि संध्याकाळच्या उन्हात काठावर खुर्च्या टाकून बसलेली माणसं. असं एक गाव त्यांनी मुलीच्या, ऋतुजाच्या मोबाइलवर पाहिलं होतं आणि ते परदेशात होतं. तिथल्या माणसांच्या हातात वाईनचे ग्लास होते, पण त्याच्याशी बाईंना काही देणंघेणं नव्हतं. सोलापुरात मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवण्यात त्यांची हयात गेली होती. घंटा झाली की उठायचं, घंटा झाली की बसायचं. त्यांना भुरळ पडली होती ती त्या निवांत बसण्याची.

अडचण होती महादेवप्पांची. बाईंचे यजमान स्वभावानं गरीब, बोलायला गोड, पण पाण्याची त्यांना भयंकर भीती. सिद्धेश्वराच्या दर्शनाला गेले तरी तळ्याच्या बाजूला न बघता, भिंतीला खांदा घासत आत जायचे. परदेशी जायचं तर विमान समुद्रावरून जाणार, हे कळल्यावर त्यांनी हात जोडले.

"खाली पाणीच असतं ना?" त्यांनी विचारलं.

"खाली. फार खाली," ऋतुजा म्हणाली.

"म्हणजे असतं."

विषय तिथंच मिटला. मग पुण्याहून ऋतुजानं लग्नाच्या वाढदिवसाची भेट म्हणून दोघांचा दोन दिवसांचा मुक्काम ठरवून दिला. "आई, परदेशात जायलाच नको. आपल्या जिल्ह्यातच आहे. ऐतिहासिक तलावनगरी, द्राक्षांचा प्रदेश, वाईन चाखणं, नौकाविहार. सगळं आहे." गावाचं नाव कमळतळे. बार्शीच्या रस्त्याला नान्नज मागं टाकलं की द्राक्षांच्या बागा सुरू होतात, त्यातूनच एक फाटा फुटतो.

एसटीतून उतरल्या उतरल्या त्यांना कमान दिसली. 'ऐतिहासिक तलावनगरी कमळतळे आपले स्वागत करीत आहे.' आणि खाली लाल अक्षरांत, 'पाणी खोल आहे. पोहू नये.' महादेवप्पांनी लाल ओळ वाचली आणि पिशवी छातीशी धरली.

मुक्काम केराबाईंच्या घरी होता. पन्नाशीच्या, ठसठशीत कुंकू लावलेल्या, चटचट कामं उरकणाऱ्या केराबाईंनी पाय धुवायला पाणी दिलं, चहा दिला आणि अंगणात दोन खुर्च्या मांडल्या. "बसा. हितनं तळं लई झ्याक दिसतं."

दाक्षायणीबाई बसल्या. समोर दगडी पायऱ्यांचा घाट होता, जुना आणि देखणा. घाटाच्या कडेला होड्या बांधलेल्या होत्या. खांबांना बुडणाऱ्याकडं फेकायची लाल-पांढरी रबरी कडी टांगली होती. आणि घाटाच्या पुढं, पार लांबच्या बंधाऱ्यापर्यंत, भेगाळलेली काळी जमीन पसरली होती. थेंब नव्हता. मध्यावर एक बाभळ होती आणि बाभळीखाली कुणीतरी बसलं होतं.

"तळं कुठं आहे?" बाईंनी विचारलं.

"हे काय की, पुढ्यात," केराबाई म्हणाल्या.

बाईंनी चष्मा पुसला. "तिकडं कोण बसलंय?"

"ते व्हय? ते आमचं मालक. बुडालं गेल्या आखाडात." केराबाईंनी कपबशा उचलल्या. "साखर बरोबर झाली का चहात?"

दाक्षायणीबाईंनी महादेवप्पांकडं पाहिलं. त्यांनी आपली खुर्ची केव्हाच काठापासून मागं ओढून घेतली होती.

दुपारी वाईन चाखण्याचा कार्यक्रम होता. गावच्या पर्यटन समितीचे अध्यक्ष उदयसिंह हेच बागायतदार, वाईनही तेच करायचे. त्यांचं पत्र्याचं शेड पलीकडच्या काठावर, मधून गेलं तर दोनशे पावलांवर दिसत होतं, पण केराबाई त्यांना सगळ्या तळ्याला वळसा घालून घेऊन गेल्या. मधून का नाही, असं बाईंनी विचारताच केराबाईंनी त्यांच्याकडं अशा नजरेनं पाहिलं, की बाई घाम पुसत त्यांच्यामागून चालत राहिल्या.

उदयसिंह चाळिशीचे, डोक्यावर गवती टोपी, बोलण्यात वजन. त्यांनी ग्लासात लाल वाईन घोळवली. "आधी वास. मग घोट. तोंडात फिरवायची आणि ह्या पिकदाणीत थुंकायची."

"थुंकायची?" महादेवप्पांचे डोळे चमकले. घराण्यात कुणी दारूला स्पर्श केलेला नव्हता, सकाळपासून ते त्याच काळजीत होते. "म्हणजे प्यायची नाहीच?"

"जाणकार पीत नाहीत, साहेब."

"मग मी जाणकार आहे," महादेवप्पा म्हणाले, आणि त्यांनी वाईन तोंडात न घेताच अत्यंत भक्तिभावानं पिकदाणीत थुंकून दाखवलं. उदयसिंहांनी टाळी वाजवली. असा पाहुणा त्यांना पहिल्यांदाच भेटत होता.

दाक्षायणीबाईंना मात्र राहवेना. "उदयसिंह, तळ्यात पाणी नाही."

उदयसिंहांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "मॅडम, तळं फुटलं ते खरं. बंधाऱ्याला खालनं भगदाड पडलं, उरलंसुरलं उन्हानं नेलं. पण त्याच साली आमाला तलावनगरीचा मान मिळाला. कमान लागली. लोक यायला लागले. आता तळंच नाही म्हणून सांगायचं कसं? ग्रामसभा घेतली. पाणी आहे, असा ठराव केला. सगळ्यांनी हात वर केले."

"अहो, पण बाष्पीभवन म्हणून काही असतं!"

"ते शाळेत. हितं ठराव झालाय." ते जरा खाली वाकून बोलू लागले. "एकच माणूस उठला. केराबाईंचे मालक, अमृतराव. म्हणाले, पाणी न्हाय, आन् मी हात वर करणार न्हाय. एवढ्यावर थांबले असते तर भागलं असतं. घाट उतरून तरातरा चालत गेले. 'बघा, बुडतोय का!' असं वरडत पार मध्यावर पोचले. तिथं चार पुरुष पाणी आहे, मॅडम. आमी दोर टाकला. धरला नाही. आता तेवढ्या पाण्यात माणूस गेल्यावर आमी काय समजायचं?"

"आणि ते परत आले नाहीत?"

"बुडालेला माणूस चालत परत येतोय व्हय?"

इतकी वर्षं वर्गात उभं राहून बाईंनी चुकीच्या उत्तरांवर लाल फुली मारली होती. पण हे उत्तर चुकीचं कुठं होतं तेच सापडत नव्हतं.

नौकाविहार ऊन कलल्यावर सुरू झाला. नावाडी बाळू यानं दोघांना केशरी जॅकेटं घातली, नाड्या स्वतः आवळल्या. होडीला तळ नव्हता. फळ्या काढून टाकल्या होत्या. आत उभं राहायचं, दोन्ही बाजूंच्या कडा हातानं उचलून धरायच्या आणि चालायचं. बाळू मागं वल्हं मारत यायचा, म्हणजे माती उकरत यायचा.

"समदी एका बाजूला जाऊ नका, कलंडंल," त्यानं बजावलं.

महादेवप्पांना होडीत घालायलाच फार वेळ लागला. बायकोच्या हट्टापायी ते शेवटी डोळे मिटून आत शिरले आणि चालू लागले. थोडं पुढं गेल्यावर त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "दाक्षी, हलतेय गं. मळमळतंय मला."

"अहो, तुम्हीच हलवताय!"

"लांब बगा, साहेब. झाडाकडं नजर ठेवा," बाळू आपुलकीनं म्हणाला.

बाभळीजवळ आल्यावर बाईंनी होडीची कड खाली ठेवली. साडीचा काष्टा खोचला, पाय पलीकडं टाकला आणि त्या बाहेर उतरल्या. त्यांना त्या माणसाशी बोलायचं होतं, एवढंच.

"बाई पडल्या!" बाळू किंचाळला. "बाई पडल्या वो ऽऽ!"

"दाक्षी!" महादेवप्पांनी टाहो फोडला. हात पुढं केला खरा, पण होडीच्या कडेपलीकडं तो जाईना. बाळूनं होडी वळवली. दोघं धडपडत, रडत, काठाकडं पळत सुटले. बाई हाक मारत राहिल्या. घाटावर गाव गोळा होऊ लागलं होतं.

"बसा," मागून कुणीतरी म्हणालं. "आता घाई न्हाय तुमाला."

अमृतराव मृत्यूनंतर चांगलेच सुधारले होते. गाल वर आले होते. बाभळीभोवती त्यांनी वाळकं आणि कलिंगडं लावली होती, वेल टरारून पसरले होते. केराबाई दररोज बाळूबरोबर नैवेद्य पाठवायच्या, आणि नैवेद्य म्हटल्यावर त्यात गोड काहीतरी असायचंच.

"जिवंतपणी भाकरी आन् ठेचा," अमृतराव म्हणाले. "आता हाय ते बरं हाय. बोलायला कुणी न्हाय, एवढंच."

"अमृतराव, तुमचं शंभर टक्के बरोबर आहे. पाणी नाही," बाई आवेशानं म्हणाल्या.

अमृतरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. असं म्हणणारं माणूस त्यांना आजवर भेटलं नव्हतं. त्यांनी घाईघाईनं एक कलिंगड फोडलं आणि वेलांमागच्या खड्ड्यातून तांब्या भरून आणला.

"हे पाणी कुठलं?" बाईंनी विचारलं.

"झिरा हाय. हातभर खणलं की लागतं."

"म्हणजे थोडं पाणी आहे."

अमृतराव ताडकन उठले. "तुमी पण त्यांच्यातल्याच! थोडं हाय म्हटलं की समदं हाय म्हणतील! पाणी न्हाय म्हणजे न्हाय!" आणि तांब्या तोंडाला लावून ते घटाघटा प्यायले.

बाईंनी त्यांना बसतं केलं. मग हळूच विचारलं, की एवढं असेल तर चालत घरी का जात नाही.

"गेलतो की. घाटावर गेल्यावर समद्यांनी डोळं झाकून घेतलं. पोरं रडाय लागली. उदयसिंह म्हणाला, दोर धर, वडून काढतो, समद्यांम्होरं तुझा सत्कार करतो. मी म्हटलं, बुडालोच न्हाय तर वर कुटनं येऊ? दोर धरला तर पाणी हाय म्हटल्यागत झालं." त्यांनी घराकडं पाहिलं. "केरा सांजच्याला दिवा लावती. हितनं दिसतो."

बाईंना त्या माणसाचं फार वाईट वाटलं आणि थोडा रागही आला. बरोबर असणं म्हणजे काय, ते त्यांना ठाऊक होतं. घरात कित्येकदा त्या बरोबर ठरल्या होत्या आणि त्या दिवशीची जेवणं मुकाट्यानं झाली होती. त्या उठल्या, साडी झटकली आणि सरळ घाटाच्या दिशेनं चालू लागल्या.

घाटावर सांत्वन चाललं होतं. महादेवप्पा पायरीवर बसले होते, खांद्यावर कुणाचा तरी टॉवेल होता, उदयसिंह त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होते. बाई अगदी जवळ आल्या. एका उडीच्या अंतरावर थांबून म्हणाल्या, "अहो, मी इथं आहे!"

बायकांनी पदर डोळ्यांना लावले. माणसं माना फिरवून उभी राहिली.

महादेवप्पांनी त्यांच्याकडं पाहिलं. बघत राहिले. "दिसतेय गं तू," ते हुंदका देत म्हणाले. "पण हे म्हणतात..."

"हे काय म्हणतात ते मरू दे! तुम्ही काय म्हणता?"

"साहेब, असं पाण्याकडं बघून बोलू नका," उदयसिंह हळू आवाजात म्हणाले. "जिवाला तरास होतो."

बाईंनी पहिल्या पायरीवर पाय ठेवला तशी सगळी गर्दी एक पाऊल मागं सरकली आणि एक पोर भोकाड पसरून रडू लागलं. बाईंनी पाय मागं घेतला आणि त्या दहा-पंधरा पावलं मागं सरल्या. शिक्षिकेचा जन्म, लेकरू घाबरलेलं त्यांना बघवत नसे. अमृतरावांचं काय झालं असेल ते त्यांना त्या क्षणी कळलं.

"कुणीतरी उडी मारा की!" केराबाई ओरडल्या. "मागल्या वेळी बी नुसतं बघत बसलात!"

कोण मारणार? गावात पोहता कुणालाच येत नव्हतं. बाळूलाही नाही. सगळे एकमेकांकडं बघू लागले.

आणि महादेवप्पा उठले. त्यांनी टॉवेल खाली ठेवला, चष्मा काढून उदयसिंहांच्या हातात दिला, "शिवा शिवा" म्हणाले आणि पायरीवरून डोळे मिटून उडी टाकली.

ते पोटावर आपटले. तशाच पालथ्या अवस्थेत हातपाय मारू लागले. धूळ उडाली. त्यांच्या तोंडात माती गेली, नाकात गेली. ते गुदमरले, खोकले, मान वर काढून श्वास घेऊ लागले. आधी बाईंना वाटलं, सोंग करतायत. मग त्यांनी चेहरा पाहिला. लहानपणापासूनची सगळी भीती त्या चेहऱ्यावर गोळा झाली होती. माणूस खरोखर बुडत होता, आणि बुडता बुडता त्यांच्याकडं येत होता.

"उभे राहा!" बाई ओरडल्या. "अहो, जमीन आहे, उभे राहा!"

"पाय... टेकत नाहीत..." महादेवप्पा म्हणाले आणि त्यांची मान खाली गेली.

बाई धावल्या नाहीत. का नाही, ते त्यांना नंतरही सांगता आलं नाही. लहानपणी अक्कलकोटजवळच्या आजोळी त्या विहिरीत पोहायला शिकल्या होत्या, ते अंगात कुठंतरी होतं. त्या आडव्या झाल्या. काष्ट्याच्या साडीत, भेगाळलेल्या मातीवर, सगळ्या गावादेखत लांब लांब हात मारत त्यांनी अंतर कापलं, नवऱ्याच्या हनुवटीखाली हात घातला, त्याला उताणं केलं आणि "हेदरबॅडा, घाबरू नका, मी धरलंय" असं कानडी-मराठीत म्हणत पाय मारत मारत घाटापर्यंत ओढत आणलं. कोपरं सोलवटली, गुडघे खरचटले. पायरीला हात लागला तशी वरून चारदोन माणसं झेपावली.

"वाचली! दोगं बी वाचली!" गावानं एकच जल्लोष केला. उदयसिंहांनी जातीनं महादेवप्पांच्या छातीवर दाब दिला. त्यांच्या तोंडातून मूठभर माती बाहेर आली. शुद्धीवर येताच ते म्हणाले, "दाक्षी, मी तुला काढलं ना?"

बाईंच्या तोंडाशी उत्तर आलं होतं. ते त्यांनी गिळलं. "होय," त्या म्हणाल्या. "तुम्हीच."

तिथंच काठावर सत्कार झाला. दोघांना शाली मिळाल्या. केराबाईंनी बाईंच्या कोपरांना हळद लावली, गरम पाण्यानं शेकलं, पण त्यांचं लक्ष नव्हतं. सारखं बाभळीकडं जात होतं.

"मालकांना पोहता येत न्हाय," त्या म्हणाल्या. "आन् आलं तरी ते पोहायचं न्हाईत. आडमुठं हाय ते."

"आडमुठे नाहीत. त्यांचं बरोबर आहे, केराबाई."

"असंल की," केराबाई म्हणाल्या. "मी कुटं चूक म्हणती? पण तुमच्या साहेबास्नी कुणी इचारलं का, पाणी हाय का न्हाय? उडी घातली. झालं."

सकाळी बाईंना जाग आली ती भांड्यांच्या आवाजानं. अंगणात केराबाई एका पोत्यात तवा, परात, डबे भरत होत्या. नवी साडी नेसल्या होत्या. बाळू होडीत उभा होता, ओशाळल्यासारखा. बातमी वाऱ्यासारखी पसरली आणि उदयसिंह टोपी न घालताच पळत आले.

"काकी, काय चाललंय हे?"

"बुडाय चालले."

"अवो, पण आठवड्याभरात पाहुणे येणार हायेत! त्यांचं कोण करणार?"

"ते तुमी बघा. मला एकटीनं जेवायचा कंटाळा आलाय."

"पाणी खोल हाय, काकी."

"असंल. मी हाय म्हणत न्हाय, न्हाय बी म्हणत न्हाय." केराबाईंनी पोतं होडीत ठेवलं, दाक्षायणीबाईंचे दोन्ही हात हातात धरले. "पीठ पिंपात हाय. ताक फडताळात. तुमी जेवल्याबिगर जायचं न्हाय."

होडी निघाली. बाभळीखाली अमृतराव उभे राहिलेले दिसले. मध्यावर पोचल्यावर बाळूनं परंपरेप्रमाणे आरोळी दिली, "बाई पडल्या वो ऽऽ!" पण त्याच्या आवाजात दम नव्हता, कारण पडणाऱ्या बाई आधी पोतं बाहेर देत होत्या आणि अमृतराव ते घेत होते. घाटावरच्या बायकांनी रीतीप्रमाणे पदर डोळ्यांना लावले. पदराआडून त्या बघतही होत्या. दोघं समोरासमोर उभी होती. काय बोलली ते ऐकू आलं नाही. मग केराबाई खाली बसल्या आणि तीन दगड मांडायला लागल्या. थोड्या वेळानं बाभळीतून धूर वर निघाला.

उदयसिंहांनी त्या धुराचा अंदाज घेतला. मग हळूच म्हणाले, "पाण्याखालचा मुक्काम. मॅडम, लोक येतील का हो?"

"येतील," दाक्षायणीबाई म्हणाल्या. आपण असं का म्हणालो ते त्यांनाच कळलं नाही.

गाव पांगलं. बाई आत जायला वळल्या तर महादेवप्पा अंगणात दोरी बांधत होते. कालचा शर्ट, विजार आणि बनियन त्यांनी बादलीजवळ रचून ठेवलं होतं. ते कपडे कोरडे ठणठणीत होते. नुसती माती होती. महादेवप्पा एकेक कपडा घेऊन दोन्ही हातांनी नीट पिळत होते, झटकत होते आणि दोरीवर टाकत होते.

"एसटी कितीला आहे?" त्यांनी विचारलं.

"आहे दुपारची."

"तोवर वाळतील का गं?"

बाई आत गेल्या, आपली मातीनं भरलेली साडी घेऊन बाहेर आल्या आणि तिचं एक टोक त्यांच्या हातात दिलं. दोघांनी दोन्ही बाजूंनी पीळ घालून ती साडी चांगली घट्ट पिळली.

"दुपारच्यानं नको जायला," त्या म्हणाल्या. "संध्याकाळी जाऊ. ओल फार आहे."